तार सैल पडण्याचा हिशोब

२५ डिसेंबर २०२३, सकाळी आठ वाजून बेचाळीस मिनिटे. वेळ नेमकी ठाऊक आहे, कारण त्याच मिनिटाला मी मोबाइलवरचं चित्रण थांबवलं आणि पडद्यावर थिजलेल्या चौकटीत मला ती गोष्ट दिसली. चर्चच्या पटांगणात नाताळची मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थनाविधी, चालू होती. वेदीच्या डाव्या हाताला मी उभारलेला येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा होता. गोठ्यावर तराजूच्या दांडीसारखी एक लांब लोखंडी दांडी होती. तिच्या एका टोकाला पंख पसरलेला देवदूत, दुसऱ्या टोकाला त्याला तोलणारी दगडांची पेटी. आणि त्या पेटीखालच्या आकड्याला कोणीतरी केळ्यांचा भलामोठा घड टांगला होता.

देवदूताच्या बरोबर खाली, गव्हाणीतल्या पेंढ्यावर, माझ्या दादाची मुलगी झोपली होती. तिला जगात येऊन पाच आठवडे झाले होते.

देवदूत थांबला होता. एरवी तो सावकाश खाली झुकायचा आणि तितक्याच सावकाश वर जायचा. आता तो सर्वांत उंच जागी निश्चल होता. लोकांना त्यात वावगं काही दिसत नव्हतं. मला दिसत होतं. घड जोवर तिथे होता तोवर काहीही होणार नव्हतं. तो कोणी उतरवला की देवदूत खाली येणार होता, आणि तो कुठे थांबेल हे मला सांगता आलं नसतं.

मी तिथवर कशी पोहोचले, ते आधी सांगायला हवं.

आमच्या वसईतल्या वटारच्या पट्ट्यात नाताळच्या आधी आळीआळीत गोठे उभे राहतात. पेंढा, रंगवलेला लाकडाचा भुसा, बागेतल्या पाटावरचं शेवाळ, आणि मूर्ती. मूर्ती माझा मामा करायचा. तो शाळेत चित्रकला शिकवत असे आणि दिवाळीनंतर त्याच्या पडवीत प्लास्टरच्या गोण्या येऊन पडत. मेंढपाळांचे चेहरे तो गावातल्याच माणसांवरून घडवी. कोणाचं नाक कोणत्या मेंढपाळाला लागलं यावरून नाताळभर भांडणं चालत. मी त्याच्याकडे हातकाम शिकले. ओल्या प्लास्टरला किती वेळ मिळतो, सांगाड्याची तार कुठे वाकवायची, डोळ्याची पापणी का शेवटी करायची, हे सगळं मला पदार्थविज्ञानाच्या आधी आलं.

मामाचा एकच नियम होता. "मूर्ती हलली म्हणजे मूर्तिकार चुकला."

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना चुकले. एका म्हाताऱ्या मेंढपाळाच्या मानेत प्लास्टर कमी पडलं आणि डोकं नुसत्या सळईवर राहिलं. गोठा रस्त्याकडेला होता. त्या सुमारास विरारच्या बाजूला इमारती उठत होत्या आणि भरावाची माती घेऊन डंपर आमच्या रस्त्याने जात. पहिला डंपर गेला आणि मेंढपाळाने मान डोलावली. एकदाच नव्हे; डंपर दिसेनासा झाला तरी तो आपला "हो, हो" म्हणत राहिला. समोर उभ्या असलेल्या मुलांनी श्वास रोखले. मग त्यांनी पुढच्या डंपरची वाट बघायला सुरुवात केली. तीन राजे, उंट, प्रत्यक्ष बाळ येशू, कोणाकडेही त्या संध्याकाळी कोणी पाहिलं नाही.

मामा आला, त्याने मान दाबून पाहिली आणि म्हणाला, "उद्या सकाळी हे घट्ट कर."

मी घट्ट केलं नाही. सळईची लांबी बदलून पाहिली. लांब सळईवर डोकं संथ डोलतं, आखूड सळईवर थरथरतं. ठराविक लांबीला ते नुसत्या रिक्षेनेही हलू लागतं. हे सारं मी पुस्तकात शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं, पण प्लास्टरच्या म्हाताऱ्याने मला होकार देईपर्यंत ते माझ्या अंगाला लागलं नव्हतं. त्या आठवड्यात माझ्या मनाने एक गोष्ट ठरवली: मी मूर्ती करणार, आणि त्या हलणार.

भीती त्याच्याच पाठोपाठ आली. स्थिर मूर्ती तुम्ही जिथे ठेवून जाता तिथेच सापडते. हलणारी मूर्ती तुमच्या पाठीमागे काहीतरी करत असते. एम.एस्सी. झाल्यावर मला वसई पूर्वेच्या एका कारखान्यात कंपनांच्या चाचणीचं काम मिळालं. पंप आणि पंखे मंचावर हादरवायचे आणि कोणता भाग किती काळाने तुटेल ते सांगायचं. यंत्र कधी मोडेल हे सांगण्याचाच मला पगार मिळत होता म्हणा ना. चंदनसारला एक खोली भाड्याने घेतली होती. संध्याकाळी तिथे मोटारगाडीच्या वायपरच्या मोटरी, सायकलच्या साखळ्या आणि प्लास्टर यांतून माणसं उभी करत असे. खालच्या मजल्यावरच्या मालकीणबाई जिन्यात उभ्या राहून ओरडत, "अगं ए, वर काय पिठाची चक्की घातलीस? आमची भिंत नाचतेय!"

पहिल्या वर्षी एका पाखडणाऱ्या बाईच्या मूर्तीने माझं बोट सुपाच्या आणि दांडीच्या बेचक्यात घेतलं. मोटर लहान होती. तरी ती थांबली नाही. तिला थांबण्याचं कारणच नव्हतं. बोट बाहेर निघालं, नख काळं झालं, आणि तेव्हापासून मी प्रत्येक मूर्तीकडे आधी तिच्या सांध्यांच्या फटींतून बघते, चेहऱ्याकडे नंतर. ही माझी सवय पाहुण्यांना उर्मट वाटते.

२०२३ च्या पावसाळ्यात मामाच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्याने चर्चचा मोठा गोठा माझ्या हवाली केला. "यंदा तू बघ. फक्त एक कर, लोकांना घाबरवू नकोस." मला मात्र मोठं काही करायचं होतं, आणि त्यामागे स्वार्थ होता. यंत्रशिल्पाच्या एका वर्षाच्या शिक्षणक्रमासाठी मी अर्ज करणार होते. त्याला लोकांमध्ये चालू असलेल्या एका मोठ्या कामाचं चित्रण जोडावं लागे. खोलीतल्या मूर्तींनी ते भागणार नव्हतं.

देवदूताची कल्पना साधी होती. दांडी मधोमध खांबावर टेकलेली. देवदूताची बाजू दगडांच्या पेटीपेक्षा अगदी थोडी जड, म्हणजे सोडलं की तो आपल्याच वजनाने हळूहळू खाली यायचा. पेटीच्या टोकापासून एक तार खाली येऊन, तळातल्या कप्पीला वळसा घालून मोटरकडे जात होती. मोटर तार ओढी तेव्हा पेटी खाली, देवदूत वर. मोटर तार सैल सोडी तेव्हा देवदूत खाली. तो किती खाली येणार हे तारेच्या लांबीने ठरलेलं होतं. गव्हाणीच्या वर हातभर अंतरावर त्याचा पाय थांबायचा.

कप्पी पाचूबंदरच्या एका कोळीदादांनी दिली, जुन्या होडीवरची. त्यांनी ती माझ्या पायाशी टाकली आणि म्हणाले, "खाऱ्या पान्यात इतकी वर्सं राहिली, नाय कुजली. तुज्या देवाला काय व्हतंय! फकस्त मासळीचा वास येल त्याला."

वास खरोखर आला. फादरांनी उदबत्ती लावायला सांगितली.

आता त्या पाच आठवड्यांच्या मुलीविषयी. आमच्याकडे नाताळच्या सकाळच्या मिस्सेला गावातलं सर्वांत लहान, बाप्तिस्मा झालेलं मूल गव्हाणीत निजवतात. घराला तो मान वाटतो. दादा-वहिनीला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी ही मुलगी झाली होती. ती नोव्हेंबरात जन्मली तेव्हा आईने तिचा चेहरा पाहण्याआधी बोटांवर नाताळपर्यंतचे आठवडे मोजले होते.

"यंदा गव्हाणीत बाहुली ठेवू," मी जेवताना म्हणाले.

आईने वाढता वाढता पळी तशीच धरली. "बाहुली? घरात लेकरू असताना बाहुली? गाव म्हणेल, नात काळी झाली म्हणून लपवली."

"आई, वर तीस किलोचा देवदूत आहे."

"देवदूत आहे म्हणूनच म्हणते. राक्षस असता तर नसती ठेवली."

दादा हसत सुटला. "लोकांच्या पंपांवर सह्या करतेस, आणि घरच्या देवदूताची हमी नाही तुला? मग नोकरी कसली करतेस, भोंदूगिरी?"

वहिनी हसली नाही. ती मुलीला खांद्यावर थोपटत होती. ती म्हणाली, "मला तुझे आकडे कळत नाहीत. एवढंच सांग. तुझं मूल असतं तर तू ठेवलं असतंस त्याच्याखाली?"

 मी पुन्हा सगळं मांडलं. तार तुटण्याची शक्यता तपासली. तार लागेल त्यापेक्षा कितीतरी मजबूत होती. खांब, सांधे, खिळी, मोटर जळणे, वीज जाणे, मुलांनी देवदूताला लोंबकळणे, सारं तपासलं. गव्हाणीत वाळूची पिशवी ठेवून यंत्र दिवसभर चालवलं. मग मी वहिनीला सांगितलं, "हो, ठेवलं असतं."

ते खोटं नव्हतं. मी तार तुटण्याचा हिशोब केला होता. तार सैल पडण्याचा केला नव्हता. दगडांची पेटी आणखी जड होऊ शकते, हे माझ्या कोणत्याही मांडणीत नव्हतं, कारण दगड आपणहून वाढत नाहीत.

पेटीच्या खाली एक आकडा होता. पेटी साखळीने वर चढवताना तो लागला होता. काम झाल्यावर तो कापून टाकण्याऐवजी मी त्याला सोनेरी रंग दिला. छान दिसत होता.

तर, आठ वाजून बेचाळीस मिनिटे. मी पटांगणाच्या मागच्या टोकाला, ध्वनिक्षेपकाच्या टेबलाशी उभी होते. घडाच्या वजनाने पेटी खाली बसली होती आणि देवदूत वर गेला होता. तार आता सैल होती. मोटर चालूच होती. ती ढिल्या तारेला ओढत आणि सोडत होती, आणि ढिली तार कप्पीवर टिकत नाही. इतक्या लांबून मला कप्पी दिसत नव्हती. पण तार तिच्यावरून उतरली असणार हे मी ओळखलं. कप्पीचा वळसा सुटला की तार तेवढी लांब होते. आणि तार जितकी लांब, तितका देवदूत खाली. माझं ते हातभर अंतर त्या वळशातच होतं.

बायकांच्या रांगेत, लाल लुगड्यात, आमच्या शेजारच्या बागवाल्या काकी बसल्या होत्या. घड कोणाचा हे विचारायची गरज नव्हती. बागेतला नाताळचा पहिला घड त्या दरवर्षी गोठ्यापाशी आणतात आणि मिस्सा संपली की मुलांना वाटतात. मी त्यांच्या कानाशी वाकले. त्या आमच्या घरच्या बोलीत बोलल्या; इथे मी ते सगळ्यांना कळेल असं लिहिते.

"काकी, घड तिथे का टांगलात?"

"मग कुठे टांगू? दरसाल खाली ठेवते नि दरसाल मुंग्या. गेल्या वर्षी अर्ध्या फण्या मुंग्यांनीच साजऱ्या केल्या. यंदा बघते तर तू सोन्याचा आकडा लावलेला. म्हटलं, पोरीने माझी आठवण ठेवली."

त्यांच्या पलीकडची बाई म्हणाली, "शिकलेली आहे ती. सगळं आधीच बघून ठेवते."

"काकी, त्याला कोणालाही हात लावू देऊ नका. कोणालाही."

"कोण लावतोय! मिस्सा संपल्याशिवाय एक केळं कोणाच्या तोंडात जायचं नाही. मी बसलेय ना राखणीला."

मी हे बोलण्यात वेळ घालवला, आणि त्याचा अर्थ मला लगेच कळला. कम्युनियनची, म्हणजे रांगेने प्रसाद घ्यायची, वेळ झाली. सगळं पटांगण एकदम उठून उभं राहिलं. मधल्या वाटेत दोन रांगा झाल्या, गायनवृंदाने सुरुवात केली, आणि वहिनी, जी इतका वेळ गव्हाणीशेजारच्या खुर्चीवर बसली होती, ती हात जोडून रांगेत गेली. गव्हाणीपाशी कोणी उरलं नाही.

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. उजवीकडून पेटीचं टोक जवळ होतं. तिथे जाऊन मी पेटीवर अंगाचा भार टाकून बसले असते तर देवदूत वर राहिला असता. डावीकडून गव्हाणी लांब होती, रांगांच्या पलीकडे. जवळचं टोक धरणं शहाणपणाचं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी डावीकडे गेले. मूल हातात घेतल्याशिवाय मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

रांगेतून आडवं जाणं सोपं नसतं. लोक डोळे मिटून पुढे सरकत असतात. एक आजोबा म्हणाले, "रांगेने ये बाय, सगळ्यांना मिळेल." मी त्यांच्या काठीवरून पाय उचलला. गव्हाणी दिसत होती. पांढऱ्या दुपट्यातून एक मूठ बाहेर आली होती. वर देवदूत, त्याचे पत्र्याचे पंख उन्हात चमकत होते. त्या पंखांच्या कडा मी स्वतः घासल्या होत्या, कोणाला लागू नये म्हणून.

तेव्हा मला दादा दिसला.

तो पुरुषांच्या बाजूने, पेटीच्या टोकाशी पोहोचला होता. त्याने आधी वर थांबलेल्या देवदूताकडे पाहिलं, मग घडाकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर समजल्याचा आनंद पसरला. बहिणीचं यंत्र अडलं आहे, घडामुळे अडलं आहे, तिची फजिती होण्याआधी घड काढला पाहिजे. प्रत्येक पायरीवर त्याचं बरोबर होतं. त्याने घड खांद्याने उचलून धरला आणि आकड्यातून दोरी सोडवू लागला.

"दादा! नको! हात लावू नकोस!"

मी ओरडले. गाणं कडव्याच्या टोकाला पोहोचलं होतं आणि सगळं गाव गात होतं. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी हात हलवत होते. त्याने हसून अंगठा वर केला आणि घड खांद्यावर घेऊन बाजूला झाला.

सुरुवातीला देवदूत जवळजवळ हललाच नाही. माझ्या आयुष्यातली सर्वांत वाईट आशा मला त्या क्षणी वाटली. मग तो निघाला. संथ, एखादा पक्षी वारा सोडून देतो तसा. आणि मग थोडा कमी संथ. आणि मग मला दिसलं की तो आता वेग धरतोय आणि त्या वेगामागे त्याचं स्वतःचं आणि सगळ्या दगडांचं वजन आहे. नेहमीची थांबायची जागा आली आणि गेली. पंखांनी गव्हाणीवरचं ऊन झाकलं. मी अजून चार माणसांच्या मागे होते. एका बाईच्या खांद्याला धरून मी तिला बाजूला ढकललं. ती कोण होती हे मला आजही माहीत नाही.

तळातून लोखंड करकरलं. दांडी एकदा जोरात हिसकली, खांब हलला, आणि देवदूत थांबला. त्याच्या पंखांवरची चांदीची चमकी सुटून खाली दुपट्यावर पडली.

 मग टाळ्या सुरू झाल्या.

मी ते पुन्हा लिहिते, कारण मलाही ते खरं वाटत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाणं संपायला आणि देवदूत थांबायला एकच गाठ पडली होती. आकाशातून उतरून बाळाच्या तोंडापाशी वाकलेला देवदूत सगळ्या गावाने पाहिला, मोबाइल वर झाले, आणि काही म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले. मी केलेल्या कामांत इतकी सुंदर हालचाल आधी कधीच झाली नव्हती, आणि ती मी केली नव्हती.

मी गव्हाणीशी पोहोचले आणि मुलीला उचललं. ती जागी झाली, माझ्याकडे पाहिलं आणि रागावून रडू लागली.

वहिनी रांगेतून परतली. "उचललीस कशाला? चांगली झोपली होती!" मग तिने माझ्या हातांकडे पाहिलं आणि मुलीला माझ्याकडून काढून घेतलं. 

मिस्सा संपताना फादर माइकवर म्हणाले, "आज देवदूतालासुद्धा बाळाची पापी घ्यावीशी वाटली." लोक हसले. काकी घडाच्या फण्या तोडून वाटत होत्या आणि प्रत्येकाला सांगत होत्या, "घड उतरला नि देवदूत उतरला. पावली माझी केळी." दादा घामाने भिजून माझ्याकडे आला. "वाचवलं की नाही तुला? अडलं होतं ना यंत्र?" मी त्याला हो म्हणाले. त्याला खरं कळलं ते संध्याकाळी, आणि त्यानंतर कित्येक दिवस त्याने मुलीला उचलून घेतलं नाही. त्याला कोणी दोष दिला नव्हता.

पटांगण रिकामं झाल्यावर मी तळातली फळी काढली. तार कप्पीवरून उतरलेलीच होती. देवदूत खाली येताना ती चाक आणि त्याच्या बाजूच्या पट्टीमधल्या फटीत अडकली आणि तिथे आवळली गेली. एवढंच. फट किंचित रुंद असती तर तार निसटली असती. ती फट मी मोजली नव्हती, निवडली नव्हती. जुन्या कप्पीची झीज होती ती.

पुढचं थोडक्यात. देवदूताच्या उतरण्याचं कोणीतरी केलेलं चित्रण गावाच्या ग्रुपवर फिरत फिरत माझ्याकडे आलं. मी अर्जासोबत तेच पाठवलं. मुलाखतीत मला पहिला प्रश्न त्याच हालचालीवर विचारला गेला: शेवटचा वेग तुम्ही कसा आवरलात? मी म्हणाले, आवरला नाही, आणि काय घडलं ते क्रमाने सांगितलं. त्यांनी मला प्रवेश दिला. नोकरी सुटली, चंदनसारची खोली सुटली, आणि तेव्हापासून मी हलणारी शिल्पंच करते. प्रत्येक नवं काम पूर्ण झालं की मी घरच्यांना बोलावते आणि सांगते, तुम्हाला जिथे जे टांगावंसं वाटेल ते टांगा. आई पिशवी अडकवते. मामा छत्री. मी बाजूला उभी राहून बघते, आणि मला दर वेळी भीती वाटते. ती कमी व्हावी म्हणून मी बरेच प्रयत्न केले. आता मी ती कामाच्या वेळापत्रकात धरते.

पण त्या दुपारी यातलं काहीच नव्हतं. त्या दुपारी मी फळीशेजारी जमिनीवर बसले होते आणि वहिनी परत आली. मुलीला तिने आईकडे झोपवलं होतं.

"आता सांग," ती म्हणाली.

मी सांगितलं. घड, तार, कप्पी, फट.  देवदूत अजून तसाच, खाली वाकलेला होता. मी काही हलवलं नव्हतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ती विचारेल, तू हो का म्हणालीस. त्याचं उत्तर मी जुळवत होते.

"किती उरलं होतं?" तिने विचारलं.

"मोजलं नाही."

"मोज."

"वहिनी, कशाला?"

"मी आयुष्यभर मनाने मोजत बसेन. रोज वेगळं येईल. त्यापेक्षा तू मोज. ते तरी तुला येतं."

मी उठून पिशवीतून टेप आणला. टेपचं खालचं टोक तिने धरलं. पेंढ्यावर, दुपट्यात अजून डोक्याचा खळगा होता तिथे, आणि त्यावर डोक्याच्या उंचीएवढी आपली मूठ ठेवून मुठीच्या वर. मी वरचं टोक देवदूताच्या अंगठ्याला लावलं. पाय मीच घडवला होता. अंगठ्याचं नख मामाच्या अंगठ्यावरून घेतलं होतं. मी आकडा वाचला, खात्रीसाठी पुन्हा वाचला, आणि तिला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितला.

अकरा सेंटीमीटर.